मामाचा आकडा

मामाचे दिवस झाले आणि मिरजेच्या घरातलं लोखंडी कपाट आम्ही उघडलं. लेंग्या-सदऱ्यांच्या घड्यांखाली सहा वह्या निघाल्या. जाड पुठ्ठ्याच्या, कापडी पाठीच्या, सरकारी कचेरीत असतात तशा. आईनं वरची वही उघडली, दोन पानं उलटली आणि पटकन मिटून मांडीखाली सारली. मग हळूच मला म्हणाली, "अगं, हा आकडा लावत होता की काय?"

वहीत होतंच तसं. तारीख, वेळ, पाच आकडी संख्या, तिच्यापुढे तीन-चार इंग्रजी अक्षरं. पानामागून पान, वर्षामागून वर्ष. मामा तलाठी होता. लग्न केलं नाही, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला सायकल काढून स्टेशनवर जायचा, एवढाच काय तो शौक. तिथला चहा त्याला आवडतो अशी आमची समजूत होती. थोरल्या भावानं वही पाहिली आणि आईला धीर दिला, "मटक्याचा आकडा पाच आकडी नसतो. ओपन, क्लोज, जोडी, पाना, बस." त्याला हे कसं ठाऊक, ते कुणी विचारलं नाही.

वह्या मी पुण्याला घेऊन आले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे कुणाचंही हस्ताक्षर लागतं मला, असा माझा गर्व. मामाचं अक्षर तर मोत्यासारखं. एकूण एक शब्द वाचता येत होता आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. 'संध्याकाळी ७.१०. १८ हजारी. डब्ल्यूडीएम-२. पुणे. बोलतो छान.' हे काय? कोण बोलतो?

पुणे या शब्दावरून मी ताडलं की हे गाड्यांचे नंबर. बहिणीचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, वही कुठल्या सालची?" म्हटलं, १९८४. "मग गाडीचा नंबर कसा असेल? तेव्हा गाड्यांचे नंबर एवढे लांब नसत. सगळ्या गाड्यांना पाच आकडे मिळाले ते २०१०च्या डिसेंबरात. चौऱ्याऐंशी साली पाच आकडी म्हणजे इंजिनाचाच नंबर." हे मला इतकं पटलं की मी त्यावरून लगेच उलटी चूक केली.

घोरपडीच्या पुलावरून मी फिरायला जाते. एका सकाळी खालून मालगाडी चालली होती. निळसर, अवाढव्य इंजिन आणि त्याच्या कुशीवर ठळक नंबर १२१२४. आता १२१२४ म्हणजे काय हे पुण्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. सकाळी मुंबईला निघते ती डेक्कन क्वीन. मी पुलावरूनच भाच्याला फोन लावला, "अरे, डेक्कन क्वीनचं इंजिन कोळशाच्या गाडीला जोडलंय!" पलीकडे जरा शांतता झाली. मग तो म्हणाला, "मावशी, डेक्कन क्वीन विजेवर चालते. तू पाहिलंस ते डिझेल इंजिन. बारा हजारांच्या मालिकेतलं डब्ल्यूडीजी-४. बहुतेक हुबळी शेडचं, म्हणजे तिथे देखभाल होणारं. कुशीवर खाली बारीक अक्षरं असतील, यूबीएल अशी. गाडीचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा. दोन्ही पाच आकडी झाल्यापासून हा घोळ होतोच." म्हणजे मी तीच चूक दोन्ही बाजूंनी केली. पुढे कळलं की त्याच मालिकेत १२१२३ही आहे. डेक्कन क्वीनचा संध्याकाळचा, परतीचा नंबर. कुणाला कसला विनोद सुचेल सांगता येत नाही.

अर्थ लागायला शेवटी मिरजेलाच जावं लागलं. मामाच्या गल्लीत एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. आता त्या पदाला लोको पायलट म्हणतात, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. मामा रोज स्टेशनवर यांच्याशीच गप्पा मारत असे हे तिथे गेल्यावर कळलं. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा चढवला, पान उलटलं आणि एकदम हसले. "तलाठीसाहेबांची व्हय ही? आमच्या पॉवरची सगळी कुंडली हाय की हितं." रेल्वेची माणसं इंजिनाला पॉवर म्हणतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. 'पॉवर आली का', 'पॉवर बदलली', 'दोन पॉवर लावल्या' असं ते बोलतात. तासाभरात त्यांनी इंजिन हा शब्द दोनदाच वापरला, तोही माझ्यासाठी.

"ताई, आधी अक्षरं वाचायची. आकड्याला लगीच भुलायचं न्हाई," त्यांनी सुरुवात केली. पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं. डब्ल्यू म्हणजे वाईड, रुंद, आपलं ब्रॉडगेज. वाय म्हणजे मीटरगेज. मी म्हटलं, मीटरला एम हवा, वाय कुठून आला? ते म्हणाले, "एम पुढं लागतोय न्हवं, मग हितं यार्ड घेतला. यार्ड म्हंजे वार. लुगड्याचा वार असतोय की." मला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून मीटरगेजचं इंजिन दिसलं, म्हणजे आता फोटोतच दिसतं, की मला नऊवारी आठवतं. मीटर आणि वार यांच्यात साडेतीन इंचांहून कमीच फरक. रेल्वेनं तेवढ्यावर भागवलं.

झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज आणि एन म्हणजे त्याहून अरुंद, दोन फुटी. माथेरानची गाडी एनची. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला झेडची होती. सत्तर वर्षांहून जास्त काळ तिला वाफेचं इंजिन होतं, १९९४ साली ते काढून झेडडीएम जातीचं डिझेल जोडलं. मिरज स्टेशनात तर एके काळी तिन्ही रुंद्यांचे रूळ यायचे. पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडून मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाईटची नॅरोगेज. मामाला स्टेशनचं वेड का लागलं असेल याचं निम्मं उत्तर मला तिथंच मिळालं. एका जागी उभं राहून तिन्ही अक्षरं बघायला मिळतील असं स्टेशन देशात फारसं नव्हतं.

दुसरं अक्षर इंधनाचं. डी म्हणजे डिझेल. विजेच्या इंजिनांत ए आणि सी अशी विजेच्या प्रकारानुसार अक्षरं. मुंबईच्या आसपास बरीच वर्षं दोन्ही प्रकारांची वीज होती, म्हणून तिथे दोन्हीवर चालणाऱ्या इंजिनाच्या नावात सी आणि ए शेजारी शेजारी बसवले. त्यांच्या वाटेला जायला नको, असं ड्रायव्हरकाकांनीच सांगितलं. "तुम्ही डिझेलवरच ऱ्हावा. तेवढंच लई हाय."

तिसऱ्या अक्षरानं माझी फजिती केली. डब्ल्यूडीएममधला एम म्हणजे मालगाडी आणि डब्ल्यूडीजीमधला जी म्हणजे साधी गाडी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मराठीच्या बाईला दुसरं काय सुचणार? त्या हिशोबानं सहाही वह्यांत मामानं पंचवीस वर्षं नुसत्या मालगाड्याच पाहिल्या, असं माझं अनुमान होतं आणि मला त्याची थोडी कीवही आली होती. प्रत्यक्षात जी म्हणजे गुड्स, मालगाडी. पी म्हणजे पॅसेंजर. एस म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं शंटिंगचं इंजिन. आणि एम म्हणजे मिक्स्ड, प्रवासी ओढो की माल, कशालाही चालेल असं. "मिश्र म्हणा की. अक्षर तेच ऱ्हातंय," काका म्हणाले. मिश्र, एम. हे एवढं मराठीत बसतं.

इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं. डब्ल्यूडीएम-२, म्हणजे ब्रॉडगेजवरचं, डिझेलवरचं, मिश्र कामाचं. आता दोन. मी आपलं सरळ विचारलं, "दोन म्हणजे दोन हजार अश्वशक्ती?"

"सव्वीसशे."

"मग अडीच का नाही?"

काकांनी चहा मागवला. हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला असणार.

दोन म्हणजे नुसतं दुसरं. दुसरी जात. पहिली, डब्ल्यूडीएम-१, १९५७-५८ साली अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली, १,९५० अश्वशक्तीची. मग १९६२ साली दोन दावेदार आले, दोघंही २,६०० अश्वशक्तीचे. एक अल्कोचं, त्याला नाव डब्ल्यूडीएम-२. दुसरं जनरल मोटर्सचं, त्याला डब्ल्यूडीएम-४. तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली, म्हणून दोन जिंकलं आणि चारची मोजकी इंजिनंच देशात राहिली. वाराणसीच्या कारखान्यातून दोनचं पहिलं इंजिन जानेवारी १९६४मध्ये बाहेर पडलं, ते लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. त्यानंतर अडीच हजारांहून जास्त बनली. अल्कोनं १९६९मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण तिचं हे अपत्य वाराणसीत पुढे कित्येक वर्षं वाढत राहिलं. माझ्या पिढीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाताना खिडकीतून मान काढून वळणावर जे इंजिन पाहिलं, ते बहुधा हेच.

आणि तीन? एक आणि दोन यांच्यापुढे तीन असणारच. डब्ल्यूडीएम-३ जर्मनीच्या हेन्शेल कारखान्याचं, हातावर मोजण्याइतकी आली, आणि त्याची घडणच निराळी. मोटारींऐवजी तेलाच्या प्रवाहावर चाकं फिरवणारं. म्हणजे मिरजेत ते दिसण्याचा प्रश्नच नाही. तरी मामाच्या पाचव्या वहीत पानोपानी 'डब्ल्यूडीएम-३ए'. मी मोठ्या आत्मविश्वासानं काकांना म्हटलं, "मामा इथे चुकला असणार."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी चौथी वही मागितली, शेवटाकडून चाळली आणि एक पान माझ्यापुढे धरलं.

सहा वह्यांत खाडाखोड असलेलं ते एकमेव पान. मामानं सरकारी दप्तरात कधी खोडरबर वापरलं नाही, त्याच्या हाताला ती सवयच नव्हती. तिथे डब्ल्यूडीएम-२सी असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. त्यावर पट्टीनं आखलेली एकच तांबडी रेघ, वर तांबड्या शाईत ३ए, आणि समासात तांबडाच एक 'फे.' तलाठ्याच्या नात्यातल्या माणसाला हे अक्षर सांगावं लागत नाही. फे. म्हणजे फेरफार. जमीन तीच, बांध तोच, विहीर तीच, नावाची नोंद बदलली. गाव नमुना सहामध्ये फेरफार चढतो आणि मग सातबाऱ्यावर नवं नाव येतं. मामानं इंजिनाचा फेरफार चढवला होता.

या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेनं ठरवलं की नव्या इंजिनांच्या नावातला आकडा यापुढे जातीचा नको, शक्तीचा असावा. ३ म्हणजे तीन हजार. पुढचं अक्षर म्हणजे वरचे शंभर. ए म्हणजे शंभर, बी म्हणजे दोनशे, सी तीनशे. डब्ल्यूडीएम-२सीची ताकद ३,१०० अश्वशक्ती होती, म्हणून ते एका रात्रीत डब्ल्यूडीएम-३ए झालं. मालगाडीचं डब्ल्यूडीजी-२ झालं डब्ल्यूडीजी-३ए. प्रवासी गाड्यांचं डब्ल्यूडीपी-२ झालं डब्ल्यूडीपी-३ए. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची पद्धत आमच्याकडे होती, तसंच. आईला माहेरी अजून जुन्या नावानं हाक मारणारी दोन माणसं आहेत. शेडमधले जुने लोकही बरीच वर्षं २सीच म्हणत होते, असं काका म्हणाले.

म्हणजे जर्मन ३ आणि वाराणसीचं ३ए यांचं काहीही नातं नाही. आडनाव एक, घराणी दोन.

नियम कळल्याचा आनंद मला जेमतेम एक रात्र मिळाला. मी शाळेत शुद्धलेखनाचे नियम शिकवले आहेत. नियम फळ्यावर लिहिताना मुलांच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसायचा आणि खाली 'अपवाद' लिहायला घेतल्यावर तो जसा मावळायचा, तसं माझं झालं. डब्ल्यूडीएम-३डी. डी म्हणजे चारशे, म्हणून ३,४००? नाही, ३,३००. डब्ल्यूडीपी-४बी, म्हणजे ४,२००? ४,५००. डब्ल्यूडीपी-४डी, मग ४,४००? तेही ४,५००च, कारण इथला डी शंभरांचा नाही. तो ड्युअल कॅबचा, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली असल्याचा. बिहारच्या मढौऱ्यात बनतं ते डब्ल्यूडीजी-४जी, नावात दोन जी. नियमानं दुसऱ्या जीचे सातशे धरले तर ४,७००, प्रत्यक्षात ४,५००. जुनी नावंही बहुतेक जशीच्या तशी राहिली. डब्ल्यूडीएम-२ मरेपर्यंत दोनच. मीटरगेजचं वायडीएम-४ चार हजारांचं नाही, १,४००चं. शंटिंगचं डब्ल्यूडीएस-६ हे तर अगदी गरीब बिचारं यार्डातलं इंजिन, आणि नावात सहा! या एका बाबतीत माझं स्पष्ट मत आहे. ज्यानं हा नियम केला त्यानं जुन्या सगळ्यांचे फेरफार तरी चढवायचे होते, नाहीतर नव्यांना नवी अक्षरं तरी द्यायची होती. अर्धं दप्तर जुन्या पद्धतीनं आणि अर्धं नव्या पद्धतीनं ठेवलं तर तलाठ्याला मेमो मिळतो.

भाच्यानं तोडगा सांगितला. "मावशी, नावाच्या फंदात पडू नकोस. नंबर बघ. पहिले दोन आकडे." हा उपाय बराच लागू पडतो. सोळा, सतरा, अठरा हजारात डब्ल्यूडीएम-२ची जुनी प्रजा. अकरा म्हणजे ३डी. बारा म्हणजे माझी ती खोटी डेक्कन क्वीन, डब्ल्यूडीजी-४. ती संपत आल्यावर याच जातीला सत्तर हजारांची मालिका दिली. तेरा म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए. चौदात मात्र दोन कुळं नांदतात, आधी डब्ल्यूडीएम-३ए आणि १४५०१पासून पुढे डब्ल्यूडीजी-३ए. वीस आणि चाळीस हजारी म्हणजे डब्ल्यूडीपी-४चा परिवार. छत्तीस म्हणजे यार्डातलं ते सहावालं. एकोणपन्नास म्हणजे मढौऱ्याचं.

मग शेवटी आर. मामाच्या वहीत काही जुन्या अठरा हजारी नंबरांना शेपटाला आर आहे. मी रिटायर्ड समजले आणि मामाच्या हळवेपणाचं कौतुक केलं. पण तोच नंबर पुढे दोन वर्षांनी पुन्हा मिरजेत गाडी ओढत आलेला. आर म्हणजे रिबिल्ट. पंजाबातल्या पतियाळाच्या कारखान्यात जुनी डब्ल्यूडीएम-२ उघडून नव्यानं बांधायची, ताकद ३,१००वर न्यायची, नाव डब्ल्यूडीएम-३ए करायचं. नंबर मात्र जुनाच ठेवून पुढे आर लावायचा. त्यामुळे अठरा हजारी दिसलं की लगेच दोन म्हणता येत नाही, शेपूट बघावं लागतं.

आकड्यांचा अभ्यास इतका झाल्यावर मला परीक्षा द्यायची हुक्की आली. एका लहान स्टेशनावर, नाव सांगत नाही, मी बाकावर वही उघडून बसले. समोर बाजूच्या लूप लाईनवर एक इंजिन उभं होतं, धुळीनं माखलेलं, नंबरही पुसट. खाकी कपड्यातले एक गृहस्थ आले. "बाई, काय लिहिताय?" इंजिनाचा नंबर, मी म्हटलं. "कशाला?" याचं उत्तर मला देता आलं नाही. मामा पंचवीस वर्षं काय उत्तर देत होता कुणास ठाऊक. "मामासाठी," असं मी काहीतरी पुटपुटले. ते गृहस्थ माझ्याकडे जरा काळजीनं पाहून निघून गेले.

नंबर वाचता येत नव्हता म्हणूनच त्या दिवशी खरी शिकवणी झाली. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा उलट प्रश्न, "चाकं कशी आहेत?" चाकं गोल आहेत, मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही. "तीन चाकांचा एक संच, त्याला बोगी म्हणतात. तीन चाकांमधली दोन अंतरं सारखी आहेत का?" मी उठून फलाटाच्या कडेपाशी गेले आणि बोटानं हवेत मापलं. सारखी नव्हती. दोन चाकं जवळ जवळ, तिसरं जरा सुटं, एका बाकावर बसलेल्या तिघांपैकी एकाचं भांडण असावं तसं. "मग डब्ल्यूडीएम-२ किंवा ३ए," तो म्हणाला. "अल्कोची जुनी बोगी. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३एची बोगी वेगळी असते, रूळ घट्ट धरणारी." वरून दोघं इतके सारखे दिसतात की मी तोवर एकाच जातीचे समजत होते. इंजिनाचा चेहरा पाहायला मी चार महिने नाकासमोर बघत होते आणि ओळख पायाशी होती.

आणि आवाज. मामाच्या 'बोलतो छान'चा अर्थ मला त्याच बाकावर लागला. उभं असलेलं ते इंजिन खरोखर बोलत होतं. ढप ढप ढप, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, मग पुन्हा लय धरलेली. सोळा सिलिंडरांचं अल्को इंजिन असं वाजतं. सिग्नल पडला, ड्रायव्हरनं जोर वाढवला आणि धुराड्यातून काळ्याभोर धुराचा लोट निघाला. तेल लगेच पोचतं, हवा ढकलणारा टर्बो मात्र वेग घ्यायला थोडा वेळ लावतो. तेवढ्या वेळात अर्धवट जळलेलं तेल काळं होऊन बाहेर पडतं. मामानं याला वहीत 'खोकला' म्हटलंय. बारा हजारी आणि वीस हजारी इंजिनांपुढे मात्र त्यानं सगळीकडे एकच शब्द लिहिलाय, 'गुणगुणतो'. ती मूळची जनरल मोटर्सची, दोन ठोक्यांची. १९६२ साली चार नंबरानं हरलेली कंपनी ती. १९९९नंतर तिचीच इंजिनं परत आली आणि या खेपेला राहिली. हे 'गुणगुणतो' वाचून मी डब्ल्यूडीपी-४ मुद्दाम ऐकायला गेले. खरंच गुणगुणतं, पिठाच्या गिरणीसारखं, एका सुरात. एका शब्दात मामानं जात सांगून ठेवली होती आणि मी आकड्यांत हुडकत बसले होते.

या सगळ्याला उशीरच झाला म्हणायचा. कोकण रेल्वेवर २०२२मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं, मिरजेच्या वाटेवरही तारा आल्या. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून २०२०मध्ये डिझेल हा शब्द गेला, आता त्याला बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणतात आणि तिथे विजेची इंजिनं बनतात. काही डिझेल इंजिनांच्या सांगाड्यात विजेची यंत्रं बसवून त्यांचंही नाव बदलून पाहिलं. मामा असता तर समासात 'फे.' लिहून मोकळा झाला असता.

सहाव्या वहीची एकेचाळीस पानं कोरी आहेत. गेल्या आठवड्यात मी पहिली ओळ लिहिली. घोरपडी, सकाळी ६.५०, ११ हजारी, म्हणून डब्ल्यूडीएम-३डी, ३,४०० अश्वशक्ती. भाच्यानं रात्री पाहिलं आणि ३,४०० खोडून ३,३०० केलं. तांबड्या शाईनं केलं, ते बरं केलं.

तुमच्या घरात कुणी गेलं आणि कपाटातून अशी आकड्यांची वही निघाली, तर मांडीखाली सारू नका आणि रद्दीतही घालू नका. आधी आकडे मोजा. पाच असतील आणि सुरुवात सोळा, सतरा किंवा अठरानं असेल, तर तो मटका नाही.